महानंदाचा टाका

आमच्या वॉर्डात कुणाच्या सदऱ्याचं बटण तुटलं, उशीचा अभ्रा उसवला, की कुणीतरी हमखास म्हणतं, "महानंदा असायला पाहिजे होती." नव्या मुली विचारतात, "महानंदा कोण?" मग जुन्या आया सांगायला लागतात. मी तेवढ्यात औषधांच्या ट्रेमध्ये काहीतरी शोधायला घेते. मी या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर. तिशीच्या आत लागले होते, आता निवृत्तीला आले. महानंदाबद्दल सगळ्यांत जास्त मला ठाऊक आहे आणि सगळ्यांत कमी मीच बोलले आहे.

ती पहिल्यांदा आली ती नोकरीला नव्हे, सासूला घेऊन. सासूला लकवा झालेला, उजवी बाजू गेलेली, पाठीला जखम व्हायला लागलेली. महानंदा तेव्हा अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात शाळेचे गणवेश शिवायची. उंच, काटक बाई. कपाळावर विभूतीची पुसटशी रेघ. पदराच्या आतल्या बाजूला एक सुई टोचलेली आणि तिच्याभोवती आठाच्या आकड्यासारखा गुंडाळलेला दोरा.

मी तिला रोग्याला कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं. तिनं एकदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर चादर उलटी घातलेली. मी रागावले.

"उलटी न्हाय ताई, मुद्दाम फिरवलीय," ती म्हणाली. "तुमच्या चादरीला मधनं जोड हाय. शिवण नेमकी म्हातारीच्या जखमेखाली येत हुती. शिवण टोचती की."

त्या चादरी आम्ही सहा वर्षं वापरत होतो. मधून जोड आहे हे आमच्यापैकी कुणाच्या डोळ्याला दिसलं नव्हतं.

सासू घरी गेली, पाठीची जखम भरली, वर्षभर जगली आणि पाठ कोरी ठेवून गेली. तेरावं झालं आणि महानंदा माझ्यापुढे उभी. "मला हितं घ्या. आया म्हनून घ्या."

मी म्हटलं, "अगं, शिलाईत तुला यापेक्षा जास्त मिळतं."

"बारा वर्षं मी नुसत्या कॉलरी लावल्यात ताई. येक बाई बाह्या लावती, येक काज करती, मी कॉलर. अख्खा शर्ट काय मी कदी शिवला न्हाय. हितं अख्खं माणूस हाय."

ऑफिसात तिच्याकडून मूळ कागदपत्रं जमा करून घेतली. तशी तेव्हाची पद्धत होती, आया मध्येच सोडून जाऊ नये म्हणून. बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं तिनं एका खाकी कापडाच्या पिशवीत घालून आणलं होतं आणि पिशवीचं तोंड लाल दोऱ्यानं कच्चे टाके घालून बंद केलं होतं. क्लार्क म्हणाला, "हे काय, पार्सल आहे का?" तर म्हणाली, "कागद सांडायला नगंत. उसवायला येका ओढीचं काम हाय." त्यानं न उघडताच वर नाव लिहिलं, आधार कार्डाची झेरॉक्स तेवढी फाईलला लावली. पुढे ऑफिसात कपाट पुरेना, तेव्हा आयांचे कागद माझ्या कपाटात आले.

तिचं एक म्हणणं होतं. काहीही बिघडलं, अगदी दोन आयांचं भांडण झालं, तरी ती आधी विचारायची, "उसवलंय का फाटलंय? ते आदी बघा. उसवलेलं शिवता येतं. फाटलेल्याला ठिगळ लागतंय, आन् ठिगळ दिसतंय."

एकदा राउंडला डॉक्टरांच्या शर्टाचं बटण लोंबत होतं. तिनं त्यांना सरळ थांबवलं. सुई काढली, दोऱ्याचा एक तुकडा तोडून त्यांच्या हातात दिला. "ह्यो तोंडात धरा. दातात. आन् बोलायचं न्हाय."

"का हो मावशी?"

"अंगावरचं शिवताना गप ऱ्हायाचं. आमची आई म्हनायची, न्हायतर माणसाचं दुखणं आत शिवलं जातं."

एवढा मोठा सर्जन, दातांत दोरा धरून सगळ्या वॉर्डासमोर गप्प उभा. रोगी हसून हसून बेजार. बटण लावून झाल्यावर तिनं दोरा दातानं तोडला आणि जाता जाता सहा नंबरच्या कॉटकडे बोट दाखवलं, "सायेब, त्या पोरीच्या पोटावरचा तिसरा टाका लई ओढलाय. चुणी पडलीय."

"मग पुढच्या वेळी तुमच्याकडूनच शिवून घेऊ."

"बोलवा की! कापड तेवढं भिजवून घ्या आदी."

डॉक्टरांनी जाऊन टाका पाहिला. तो लगेच काढायला सांगितला.

आणखी एक आठवण आहे. अक्कलकोटकडचे एक म्हातारबाबा, ऑपरेशन चांगलं झालेलं, पण दोन दिवस अन्नाला शिवेनात. ताट ढकलून द्यायचे, छातीवर हात आपटायचे. मराठी येत नव्हतं. आम्ही ठरवलं, भ्रम झालाय. कागदावर तसं लिहिलंही. सुट्टीवरून महानंदा आली. "ऊट माड्री अज्जा," म्हणजे जेवा की आजोबा, असं म्हणत त्यांच्या पायाशी बसली. बाबा रडायलाच लागले. "नन्न लिंगा यल्लद?" माझं लिंग कुठं आहे? गळ्यातलं इष्टलिंग ऑपरेशनच्या आधी आम्हीच काढून पाकिटात घालून ठेवलं होतं. त्याच्या पूजेशिवाय ते तोंडात घास घालणार कसे? तिनं हात धुतले, माझ्याकडून किल्ली घेतली, पाकीट आणलं. त्या दुपारी बाबांनी दीड भाकरी खाल्ली. महानंदानं तो 'भ्रम' लिहिलेला कागद मला दाखवला आणि इतकंच म्हणाली, "ह्यो खोडा ताई. बिचारा शाना हाय."

त्या दिवसापासून मीच तिच्या मागे लागले. होय, मीच. "तू नर्सिंग कर महानंदा. बारावी झालीयस. दोन वर्षांचा कोर्स आहे. वयाची अट पस्तीस, अजून बसतेस."

ती हसायची. पण जुन्या तापाच्या तक्त्यांच्या कोऱ्या पाठी शिवून तिनं वही केली आणि त्यात औषधांची नावं लिहायला लागली. शिकाऊ मुली तिला "काकू, आमच्या वर्गात बसणार?" म्हणून चिडवायच्या. ती म्हणायची, "बसनार की. पयल्या बाकावर बसनार, तुमाला फळा दिसू देनार न्हाय." तिचा नवरा रिक्षा चालवायचा; त्यानंही हो म्हटलं. मुलगी नववीत होती. दुपारच्या वेळी महानंदा सिरींजचे आकडे वाचायला शिकली. मी शिकवलं.

आता पुढचं सांगते.

त्याच सुमारास माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. आई माझ्याकडे असायची, घरात आम्ही दोघीच. आईला परक्या बाईचा हात लागलेला खपायचा नाही. दोन बायका ठेवून पाहिल्या. एकीच्या अंगावर तिनं तांब्या फेकला. मग एक दिवस महानंदा ड्युटी संपवून बरोबर आली. आईला कुशीवर घेतलं, आणि आई, जी कुणाला 'अगं' म्हणायची नाही, ती म्हणाली, "हिचे हात गरम आहेत." तेव्हापासून रोज दुपारी ती यायची. अंघोळ घालायची, वेणी घालायची. आईला शेंगाचटणीचा खकाणा सोसायचा नाही, म्हणून ती चटणी दुधात कालवून द्यायची. असलं कुणी ऐकलंय? पण आई खायची. मी काही देऊ केलं तर म्हणायची, "तुमी मला शिकिवता ते काय मोजून शिकिवता व्हय?"

प्रवेशाची जाहिरात आली. ऑनलाइन फॉर्म होता, त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा होता. महानंदा माझ्याकडे आली. पदराला हात पुसत होती, हात कोरडेच होते.

"ताई, माझी पिशवी द्या की. फार्म भरते म्हनते यंदा."

"उद्या बघते," मी म्हटलं.

त्या दिवशी दुपारी ती माझ्याच घरी आईला अंघोळ घालत होती, तेव्हा मी इथं कपाट उघडलं. पिशवी वरच होती. कोर्स निवासी होता. ती गेली तर दोन वर्षं गेली. मी स्वतःला सांगितलं की कागद पुरे आहेत का एवढंच बघते. लाल दोरा ओढला. एका ओढीत सुटला.

दाखल्यावर जन्मतारीख होती एक जून. आमच्या पिढीत निम्म्या खेड्याचा जन्म एक जूनचाच. आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लावून मोकळे व्हायचे. महानंदालाही ते ठाऊक होतं. ती म्हणायची, "माजा जलम कारहुणवीचा. बैलं सजवत हुती आन् मी आले. शाळंत एक जून लावलंय, पर साल तेच." साल तेच नव्हतं. दाखल्यावर एक वर्ष आधीचं साल होतं. तिच्या हिशेबानं ती चौतीस वर्षांची होती, कागदानं पस्तीस. म्हणजे हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिला फॉर्मच भरता येणार नव्हता.

मी दाखला परत घातला. आमच्या टाके घालायच्या सामानात लाल दोरा नव्हता. देवळातून आणलेला एक लाल दोरा माझ्या पर्समध्ये होता, तो घेतला. पिशवी शिवली आणि कपाटाच्या तळाशी, जुन्या रजिस्टरांखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "महानंदा, पिशवी सापडत नाही गं. ऑफिसात असेल, शोधायला लागेल. तुला अजून एक वर्ष आहे ना? पुढच्या वर्षी भर. तोवर तयारीही होईल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "व्हय," म्हणाली. "येक वरीस हाय अजून. तुमच्या आईचं पन जरा बरं हुईल तोवर."

हे वाक्य ती सहज बोलली होती. मी ते मनात कितीदा ऐकलंय, त्याचा हिशेब नाही.

आई चार महिन्यांत गेली. शेवटची अंघोळ महानंदानंच घातली. पाणी ऊन आहे की नाही ते कोपर बुडवून पाहिलं, जिवंत माणसाला बघतात तसं. मी दारात उभी होते. तेव्हा सांगता आलं असतं, पण मुदत तर निघून गेली होती, आता सांगून काय होणार, असं मी मनाला म्हटलं. खरं म्हणजे मला तिचे गरम हात आणखी काही दिवस माझ्या बाजूला हवे होते.

पुढचं वर्ष आलं. "सापडली बरं का पिशवी," म्हणून मी ती तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "तुमी बी चला ताई. विंग्रजीत काय इचारलं तर मी घोटाळा करीन." नाही म्हणायला कारण नव्हतं.

सात रस्त्याजवळ रेशमा नावाची बाई फॉर्म भरून द्यायची. महानंदा खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर. दोरा ओढण्याआधी तिनं शिवणीवरून अंगठा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग परत एकदा. मला वाटलं, लांबवतेय. भीती वाटत असेल. मग तिनं ओढलं. दोरा सुटला नाही. मी गाठ मारली होती. तिनं तो दातानं तोडला.

रेशमानं दाखला बघून आकडे घातले. पडद्यावर लाल अक्षरं आली. पुन्हा घातले, पुन्हा लाल.

"मौशी, ये लेईच नै रा," रेशमा म्हणाली. "उमर जादा बतारा. छत्तीस."

"पस्तीस की. आधार बगा माजं."

"आधार नै चलता मौशी. दाखले पे जो है वोच."

महानंदानं दाखला हातात घेतला. ती ओळ तिनं बोट ठेवून वाचली, औषधाचं नाव वाचायची तशी. मग माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत होते. "बरोबर आहे, छत्तीसच होतंय," मी म्हटलं. माझा आवाज अगदी सिस्टरचा होता.

ती मंद्रूपला जाऊन आली, आपल्या शाळेत. सगळी हकीकत हसत सांगितली. "आमच्या थोरल्या बहिनीला, नागव्वाला, शाळंत येकटी धाडली की रडायची. मग गुरुजींनी मला तिच्या सोबतीला बसिवलं. वयात बसत नव्हते, तर येक वरीस वाडवून लिवलं. नागव्वा दुसरीतच शाळा सोडून बसली. मी शिकले. आता हेडमास्तर म्हनत्यात, नाव चुकलं तर बदलता येईल, शाळा सोडल्यावर तारीख बदलत न्हाय." बाकीच्या आयाही हसल्या. ती म्हणाली, "बहिनीला सोबत म्हनून येक वरीस मोटी झाले, बगा." आणि सहा नंबरची चादर बदलायला गेली. चादर ताणताना तिच्या हातून कोपरा तीनदा सुटला.

दोन महिन्यांनी तिनं रीतसर नोटीस दिली. नव्या आयेला सगळं शिकवलं, चादरीचा जोड कुठं येऊ द्यायचा नाही तेसुद्धा. शेवटच्या दिवशी तापाच्या तक्त्यांची ती वही माझ्या टेबलावर ठेवली. "कुना पोरीला हुईल," म्हणाली. मी ती कुणाला दिलेली नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी तिला भेटले नाही. सोलापूर काही एवढं मोठं गाव नाही. न भेटायला मेहनत लागते. ती मी घेतली. मग गेल्या वर्षी आमच्याकडे प्रॅक्टिकलला नर्सिंगच्या नव्या मुली आल्या. एकीच्या पांढऱ्या गणवेशाची कॉलर मी पाहिली. इतकी नेमकी बसलेली कॉलर एकाच बाईची असू शकते. "कुठं शिवलास गं?" विचारलं तर तिनं अक्कलकोट रोडचा पत्ता सांगितला.

मी त्याच दुपारी गेले. आता कारखाना नव्हता, स्वतःचं दुकान होतं, एका पत्र्याच्या खोलीत दोन मशिनं. भिंतीला पांढरे गणवेश टांगलेले, ओळीनं. महानंदा मशिनवर वाकलेली. केस कानांवर पांढरे झाले होते.

"या ताई." मशीन थांबलं नाही. "बसा तितं. एवडी बाही संपवते."

"आता अख्खा शर्ट शिवतेस," मी म्हटलं.

"व्हय. अख्खा."

"मुलगी काय करते?"

"बारावी कॉमर्स. तिला नर्सिंगला घालीन म्हनलं, तर रक्त बगितलं की चक्कर येती म्हनती." ती हसली. मग मी हसले. मग कुणीच हसेना.

"महानंदा, मी एक सांगायला आलेय."

"ठावं हाय." तिनं बाही उलटून बघितली. "त्या पिशवीवरला टाका माजा नव्हता ताई. माजा टाका मला कळत न्हाय व्हय? तुमचा दवाखान्याचा टाका हुता, दर टाक्याला गाठ. रेशमाच्या दुकानात अंगठा फिरवला तवाच कळलं. मग दाखला वाचला, तवा बाकीचं कळलं."

"आणि तरी तू दोन महिने..."

"काय करायचं हुतं? भांडायचं हुतं? साल परत येनार हुतं?"

बाहेरून रिक्षा गेली. महानंदानं आता मशीन बंद केलं.

"येक गोष्ट मातर मनातनं जात न्हाय. तुमी खरं सांगून इचारलं असतंत, की महानंदा, हे शेवटचं साल हाय आन् माजी आई अशी पडलीय, तर मी काय केलं असतं? कदाचित ऱ्हायले असते. लई माया लावली हुती म्हातारीनं. कदाचित गेले असते. मला बी ठावं न्हाय. पर ते मी ठरवायचं हुतं ताई. इचारायचं हुतंत."

मी बोलायला तोंड उघडलं. गेली तीन वर्षं मी मनात वाक्य जुळवत होते, अगदी आरशासमोरही. तेवढ्यात ती उठली आणि माझ्या खांद्याजवळ आली.

"थांबा. हितं उसवलंय."

माझ्या ब्लाउजच्या बाहीची शिवण सुटली होती. मला माहीतही नव्हतं. तिनं पदराच्या आतली सुई काढली. पांढरा दोरा ओवला, त्याचाच एक तुकडा तोडून माझ्यासमोर धरला.

"तोंडात धरा. आन् बोलू नका."

मी दोरा दातांत धरला. तिचे हात खांद्याला लागत होते. गरम होते. समोर भिंतीवर ते पांढरे गणवेश, सगळ्या कॉलरी एकासारख्या एक. मी त्या मोजल्या नाहीत, पण त्यांच्याकडे बघण्यावाचून इलाज नव्हता, मान वळवता येत नव्हती. डोळ्यांतलं पाणी ओठांपर्यंत आलं, दोरा भिजला, तरी मी तो सोडला नाही. तिनं घाई केली नाही. बारीक टाके घातले, पक्के.

मग वाकून माझ्या खांद्याजवळ दातानं दोरा तोडला, सुई पदरात टोचली आणि मशिनवर जाऊन बसली.

"उनाचं जावा सावकाश," ती म्हणाली. बाही मशिनखाली सरकवली. मशीन सुरू झालं.

मी दारात थोडी थांबले. तिनं वर पाहिलं नाही. तो दोऱ्याचा तुकडा मी बस स्टॉपपर्यंत दातांतच धरून होते.